कलरचं इंजेक्शन: कोणतं, कधी आणि घेण्याआधी काय सांगायचं

‘भाऊ, कलरनं इंजेक्शन शे का?’ जळगावात सीटी आणि एमआरआयच्या यंत्रांवर टेक्निशियन म्हणून काम करताना हा प्रश्न मी रोज ऐकला. कुणी ‘डाय’ म्हणतं, कुणी ‘कलर’, डॉक्टर ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक औषधांना रंगच नसतो. सीटीचं इंजेक्शन पाण्यासारखं नितळ, फक्त जरा घट्टसर. एमआरआयचंही तसंच. बेरियम तेवढं पांढरंफेक, भिजवलेल्या चुन्यासारखं.

खरी अडचण रंगाची नाही, शब्दाची आहे. ‘कलर’ या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळी औषधं येतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. एकाचा त्रास झाला म्हणून दुसऱ्याचा होईलच असं नाही. एक मूत्रपिंडातून बाहेर पडतं, दुसरं संडासवाटे, तिसऱ्यातला वायू चक्क श्वासातून. त्यामुळे पेशंट ‘मला मागे कलरचा त्रास झाला होता’ एवढंच सांगतो, तेव्हा आतल्या माणसाला काहीच कळत नाही. कोणता कलर? कुठल्या तपासणीला? काय झालं होतं? हा लेख या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवण्यासाठी आहे.

आधी चिठ्ठी नीट वाचा

डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर ‘प्लेन’ लिहिलं असेल तर कॉन्ट्रास्ट नाही. ‘सीईसीटी’ म्हणजे कॉन्ट्रास्टसह सीटी. ‘अँजिओग्राफी’ म्हणजे रक्तवाहिन्या पाहायच्या आहेत. एमआरआय अँजिओग्राफीचे काही प्रकार इंजेक्शनशिवाय होतात, सीटी अँजिओग्राफीत मात्र कॉन्ट्रास्ट लागतोच. ‘बेरियम स्वॅलो’ किंवा ‘बेरियम मील’ म्हणजे प्यायचं औषध. ‘एचएसजी’ ही गर्भाशय आणि गर्भनलिकांची तपासणी. तिथे आयोडीनचंच औषध असतं, पण ते शिरेतून न देता गर्भाशयात सोडतात. ती पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान करतात.

आणि हेही लक्षात घ्या की कॉन्ट्रास्ट म्हणजे ‘भारी’ तपासणी आणि प्लेन म्हणजे ‘हलकी’, असं काही नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात मुतखड्याने कळवळत येणारे पेशंट काही कमी नसतात. त्यांच्यासोबत आलेला भाचा हमखास म्हणतो, ‘पैसे लागू द्या, पण कलरचाच सीटी करा.’ खडा प्लेन सीटीत पांढरा शुभ्र दिसतो. मूत्रमार्गात कॉन्ट्रास्ट उतरला की तोही तितकाच पांढरा दिसतो आणि बारीक खडा त्यात लपून जातो. म्हणून खड्यासाठी पहिला सीटी प्लेनच करतात. डोक्याला मार लागला असेल किंवा लकव्याचा झटका आला असेल, तर मेंदूत रक्तस्राव आहे का हे पाहायलाही आधी प्लेनच. पित्तनलिकांची ‘एमआरसीपी’ बहुधा इंजेक्शनाविना होते, कारण पित्त हेच तिथे पांढरं चमकतं. या तपासणीआधी काही ठिकाणी अननसाचा रस पाजतात. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातलं पाणी चित्रात काळं पडतं आणि मागच्या नलिका स्पष्ट दिसतात. आपल्या रावेर-यावलच्या केळीला हा मान मिळालेला नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

आयोडीनचं इंजेक्शन: सीटी, अँजिओग्राफी, आयव्हीपी (मूत्रमार्गाचा एक्स-रे)

सर्वांत जास्त वापरलं जाणारं आणि सर्वांत जास्त घाबरवणारं औषध हेच, म्हणून याच्यावर जरा थांबतो.

क्ष-किरण हाडाला अडतात, कारण हाडात कॅल्शियम असतं. रक्त, लिव्हर, आतडं यांतून ते जवळजवळ सारखेच आरपार जातात, त्यामुळे सगळं एकाच राखाडी छटेत दिसतं. आयोडीनचा अणू जड असतो, अणुक्रमांक ५३. तो क्ष-किरण चांगले अडवतो. आयोडीन रक्तात मिसळलं की जिथे रक्त तिथे पांढरं, जिथे रक्त कमी तिथे काळपट.

ही गोष्ट योगायोगाने हाती लागली. १९२० च्या दशकात अमेरिकेत सिफिलिसच्या पेशंटांना सोडियम आयोडाइड देत असत. त्यांची लघवी क्ष-किरणांत दिसते, असं १९२३ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी याच तत्त्वावर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं पहिलं चित्र काढलं. पण त्या काळची औषधं अंगाला फार झोंबत. पुढची अनेक दशकं वापरात राहिलेली ‘आयनिक’ औषधं रक्ताच्या पाच ते सात पट तीव्र होती. तीव्र म्हणजे विषारी नव्हे. विरघळलेल्या कणांची गर्दी जास्त. ती रक्तात शिरली की पेशींतलं पाणी ओढून घेतात. स्वीडनचे टॉर्स्टन अल्मेन यांना यावरचा उपाय पोहताना सुचला. खाऱ्या समुद्रात डोळे चुरचुरतात आणि कमी खाऱ्या पाण्यात चुरचुरत नाहीत, मग औषधातल्या कणांची संख्याच कमी का करू नये? त्यातून आजची ‘नॉन-आयनिक’ औषधं आली.

सध्या बहुतेक ठिकाणी तीच मिळतात: आयोहेक्सॉल, आयोप्रोमाइड, आयोपॅमिडॉल वगैरे. ही रक्ताच्या दोन ते तीन पट तीव्र असतात. आयोडिक्सॅनॉल हे तर रक्ताइतकंच तीव्र असतं. बाटलीवरचा ३०० किंवा ३५० हा आकडा किंमत नसते. एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आयोडीन, ते त्यातून कळतं. मोठ्या माणसाच्या पोटाच्या सीटीला साधारण ८० ते १०० मिली लागतं.

जुन्या आयनिक औषधांत तीव्र रिॲक्शनचं प्रमाण हजारी दोनच्या आसपास होतं. नॉन-आयनिकमध्ये ते दहा हजारी चारवर आलं. म्हणून तुम्हाला आयोडीनचं इंजेक्शन मिळणार असेल, तर ‘नॉन-आयनिक आहे ना?’ एवढं विचारायला लाजू नका.

बेरियम: प्यायचं किंवा खालून द्यायचं

बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तातही जात नाही, म्हणूनच ते सुरक्षित आहे. अन्ननलिका पाहायला घोट घोट, जठरासाठी पेलाभर, मोठ्या आतड्यासाठी एनिमा. कधी कधी सोबत फसफसणारी पावडर देतात. तिच्या वायूने जठर फुगतं आणि आतल्या भिंतीवर बेरियमचा पातळ थर बसतो, पोतारा दिलेल्या भिंतीसारखा. त्या वेळी ढेकर दाबून ठेवायची असते, आणि सगळ्यांत अवघड हेच जातं.

आतडं फुटल्याचा संशय असेल तर बेरियम देत नाहीत, कारण पोटाच्या पोकळीत सांडलं तर ते तिथे राहून दाह करतं. अशा वेळी पाण्यात विरघळणारं आयोडीनचं औषध पाजतात. बेरियमनंतर एक-दोन दिवस संडास पांढरी होते, तिला घाबरू नका. मात्र बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. पाणी भरपूर प्या. कळण्याची भाकरी आणि भाजी पोटात जाऊ द्या.

गॅडोलिनियम: एमआरआयचं इंजेक्शन

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच, त्यामुळे आयोडीनचा तिथे उपयोग नाही. गॅडोलिनियम हा चुंबकीय गुणाचा धातू. तो स्वतः चित्रात दिसत नाही, शेजारच्या पाण्याच्या कणांचं वागणं बदलतो आणि ते पाणी उजळ दिसतं. डोस अगदी थोडा. नेहमीच्या ताकदीच्या औषधाचा हिशेब किलोमागे ०.२ मिली, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२ मिली. सीटीसारखी गरम लाट इथे सहसा येत नाही.

मोकळं गॅडोलिनियम विषारी असतं, म्हणून ते रसायनाच्या पिंजऱ्यात कोंडून देतात. पिंजरे दोन प्रकारचे. ‘मॅक्रोसायक्लिक’ म्हणजे चारी बाजूंनी बंद: गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट. ‘लिनियर’ म्हणजे एका बाजूने उघडा, कडीत अडकवल्यासारखा. लिनियर औषधातून धातू सुटण्याची शक्यता जास्त. ज्यांची मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत, अशा काही पेशंटांची कातडी आणि सांधे कडक होणारा एक गंभीर आजार गॅडोलिनियमशी जोडलेला आहे, हे २००६ मध्ये लक्षात आलं. २०१७ मध्ये युरोपने शिरेतून द्यायच्या बऱ्याचशा लिनियर औषधांवर बंदी किंवा मर्यादा आणली. डायलिसिसवर असाल किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीच्या रक्ततपासणीतला आकडा) फार वाढलेलं असेल, तर ‘मॅक्रोसायक्लिक द्या’ असं सांगा. गरोदरपणात गॅडोलिनियम शक्यतो टाळतात.

नावांबद्दल एक इशारा. ‘ऑम्निपेक’ हे सीटीचं आयोडीन आणि ‘ऑम्निस्कॅन’ हे एमआरआयचं लिनियर गॅडोलिनियम. नावं भावाभावांसारखी, औषधं परक्यांसारखी. फाईलमध्ये नुसतं ‘ऑम्नि’ लिहून चालत नाही.

बुडबुडे, आणि पेटस्कॅनचं ते इंजेक्शन

सोनोग्राफीतही कॉन्ट्रास्ट असतो. सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूचे सूक्ष्म बुडबुडे, तांबड्या पेशीपेक्षाही लहान, शिरेतून सोडतात. लिव्हरमधली गाठ कसली आहे हे ओळखायला त्यांचा उपयोग होतो. वायू फुप्फुसांतून बाहेर पडतो, मूत्रपिंडावर भार येत नाही. पण ही तपासणी आपल्याकडे अजून सर्रास होत नाही. पेटस्कॅनचं इंजेक्शन मात्र कॉन्ट्रास्ट नव्हे. ती किरणोत्सारी खूण लावलेली साखर असते, दर ११० मिनिटांनी तिचा जोर निम्मा होतो. म्हणून त्या तपासणीची वेळ चुकवू नये. उशीर केलात तर तुमच्यासाठी आणलेला डोस वाया जातो.

जाण्याआधी काय सांगायचं

संमतीपत्रावर सही करताना परिचारिका भराभर प्रश्न विचारते आणि आपण भराभर ‘नाही, नाही’ म्हणतो. इथेच घोटाळा होतो. घरूनच विचार करून जा.

पहिली गोष्ट मूत्रपिंड. नुसतं ‘क्रिएटिनिन १.२, नॉर्मल’ यावर समाधान मानू नका. हाच १.२ पंचवीस वर्षांच्या मुलाचा असेल तर मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद, म्हणजे ईजीएफआर, साधारण ८६ निघते. पंचाहत्तर वर्षांच्या आजीचा असेल तर ४७ च्या आसपास. म्हणून लॅबकडून ईजीएफआर मागून घ्या. ३० च्या खाली असेल तर आयोडीनच्या इंजेक्शनाआधी डॉक्टर नीट विचार करतात. त्याच्या वर असेल आणि मूत्रपिंडाचा नवा, अचानक बिघाड नसेल, तर बहुधा अडचण नसते. एक मत मी स्पष्टच मांडतो: ‘कलरने किडनी जाते’ ही भीती आपल्याकडे प्रत्यक्ष धोक्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. बऱ्याच वेळा मूत्रपिंड बिघडतं ते मूळ आजाराने, आणि दोष इंजेक्शनाच्या माथी जातो. जिवावर बेतलं असेल तर रिपोर्टची वाट पाहत थांबायचं नसतं.

दुसरी, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी. ईजीएफआर ३० च्या वर आणि मूत्रपिंड स्थिर असेल तर ती थांबवायची गरज नाही, असं अनेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्याखाली असेल तर तपासणीच्या वेळी बंद करून ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहून पुन्हा सुरू करतात. काही केंद्रं सर्वांनाच ४८ तास बंद करायला सांगतात. तसं सांगितलं असेल तर पाळा, पण ‘पुन्हा कधी सुरू करू?’ हे लगेच विचारून घ्या. बंद झालेली गोळी महिनाभर बंदच राहिली आणि साखर तीनशेवर गेली, असे पेशंट मी पाहिले आहेत.

तिसरी, ॲलर्जी. याआधी त्याच प्रकारच्या कॉन्ट्रास्टची रिॲक्शन आलेली असणं, हाच सगळ्यांत महत्त्वाचा धोका. दमा असेल तर सांगा. रक्तदाबाची ‘बीटा ब्लॉकर’ गोळी चालू असेल तीही सांगा, कारण रिॲक्शन आलीच तर उपचार जरा अवघड जातात. मात्र बोंबील किंवा कोळंबी खाल्ल्यावर पुरळ उठतं म्हणून आयोडीनचं इंजेक्शन टाळायला हवं, हा निव्वळ गैरसमज. मासळीची ॲलर्जी प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. बेटाडिनने कातडी लाल होते, तिचाही याच्याशी संबंध नाही. आधी रिॲक्शन आलेली असेल तर डॉक्टर औषध बदलतात किंवा १३ तास, ७ तास आणि १ तास आधी स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. हे आदल्या दिवशीच ठरवावं लागतं; टेबलावर झोपल्यावर आठवून उपयोग नाही. आणि ‘आधी थोडं टोचून टेस्ट करा’ हा आग्रहही सोडा. थोड्या डोसने काही झालं नाही म्हणून पूर्ण डोसने होणार नाही, याची हमी मिळत नाही.

चौथी, सिकलसेल. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागात आणि एकूणच सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्तीत तांबड्या पेशींचा हा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. जुनी तीव्र आयनिक औषधं अशा पेशंटांच्या तांबड्या पेशींना घातक ठरू शकत. आताची नॉन-आयनिक चालतात. पण शरीरातलं पाणी कमी पडलं तर सिकलसेलचा झटका येऊ शकतो. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते फाईलच्या वरच ठेवा.

थायरॉइड वाढलेला असेल किंवा पुढे थायरॉइडचा स्कॅन वा रेडिओआयोडीन उपचार ठरला असेल तर आधीच सांगा, कारण आयोडीनच्या इंजेक्शनानंतर त्याला काही आठवडे थांबावं लागतं. अंगावर पाजणाऱ्या आईने मात्र निश्चिंत असावं. आयोडीनच्या डोसचा एक टक्काही दुधात उतरत नाही, आणि उतरतो त्यातलाही जेमतेम अंश बाळाच्या रक्तात जातो. गॅडोलिनियमचं प्रमाण तर त्याहूनही कमी. दूध पिळून फेकून द्यायची गरज नाही.

उपाशी, पण तहानलेलं नको

मे महिना. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकलेला. चोपड्याकडच्या गावातून पहाटेच्या लालपरीने एक आजी आल्या होत्या. ‘उपाशीपोटी या’ असं सांगितलेलं, आणि त्यांनी ते इमानदारीने पाळलं होतं. आदल्या रात्री आठपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. माझ्यासमोर आल्या तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. ओठ सुकलेले, शीर सापडेना. आम्ही त्यांना बसवून पाणी दिलं, दोन तास थांबवलं, मग सीटी केला.

तेव्हापासून मी फोनवर सांगायचो: उपाशी म्हणजे जेवण नको, पाणी हवं. नव्या मार्गदर्शक तत्त्वांत तर साध्या कॉन्ट्रास्ट सीटीसाठी जेवण बंद ठेवायचीही सक्ती राहिलेली नाही. तरी बहुतेक केंद्रं चार तास उपाशी राहायला सांगतात. ते पाळा, मात्र ‘पाणी चालेल का?’ हा प्रश्न वेगळा विचारा. भूल देणार असतील तर पाणीही बंद असतं. बाकी वेळी सहसा चालतं. पाणी भरपूर असलं की मूत्रपिंडाला सोपं जातं, आणि शीरही पटकन सापडते. हृदय कमजोर असेल किंवा डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर ते माप मोडू नका.

पोटाच्या सीटीला कधी कधी प्यायचा कॉन्ट्रास्टही असतो: लिटर-दीड लिटर पाण्यात मिसळलेलं औषध, तासभरात हळूहळू संपवायचं. गावी जायची शेवटची गाडी लक्षात घेऊन सकाळची वेळ घ्या.

टेबलावर

कोपरापाशी जाडसर सुई लावतात, बहुधा १८ किंवा २० नंबरची. औषध मशीनने, सेकंदाला तीन ते पाच मिली वेगाने जातं, म्हणून बारीक सुई चालत नाही. जाताना अंगात गरम लाट येते, घशापासून थेट ओटीपोटापर्यंत. तोंडात धातूची चव येते. लघवी झाली की काय, असं वाटतं. झालेली नसते. एका आप्पांनी ‘आंगमा आग पडनी रे भो!’ म्हणून आतून ओरडून सगळी खोली जागी केली होती. अर्ध्या-एक मिनिटात ते सगळं निवतं.

श्वास धरा म्हटलं की धरा. लिव्हरच्या तपासणीत एकाच इंजेक्शनवर दोन-तीनदा चित्रं काढतात: पंचवीस-पस्तीस सेकंदांना धमन्या भरलेल्या असताना, सत्तर सेकंदांच्या सुमारास लिव्हर भरलेलं असताना आणि नंतर काही मिनिटांनी. काही गाठी आधी उजळतात आणि मग विझतात. त्या विझण्यावरूनच डॉक्टर त्यांची जात ओळखतात. तेवढ्यात तुम्ही हललात तर तो क्षण पुन्हा येत नाही.

हात दुखतोय, सुईपाशी फुगतंय असं वाटलं तर लगेच ओरडा. सौजन्य नको. औषध शिरेबाहेर गेलं असेल तर इंजेक्शन थांबवून हात उंच धरतात आणि थंड शेक देतात. नंतर बोटं बधिर झाली किंवा दुखणं वाढत गेलं तर त्याच दिवशी दाखवा.

नंतरचा अर्धा तास

बहुतेक तीव्र रिॲक्शन पहिल्या अर्ध्या तासात येतात. म्हणून सुई काढण्याची घाई करू नका आणि बाहेर शेवभाजी खायला पळू नका. अंगावर गांधी उठणं, खाज, शिंका, एखादी उलटी हे सौम्य. घसा आवळणं, आवाज बसणं, धाप, डोळ्यांपुढे अंधारी हे धोक्याचं. तिथल्या तिथे सांगा. अशा वेळी मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देतात आणि ते वेळेवर दिलं तर पेशंट बहुधा झटकन सावरतो. ‘थोडं बसलो की बरं वाटेल’ असं म्हणत जिन्यात बसून राहणारे मला सगळ्यांत जास्त घाबरवायचे.

घरी गेल्यावर आठवडाभरात कधीही पुरळ उठू शकतं. ते बहुधा आपोआप जातं, पण फोड आले, तोंड सोललं किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. मूत्रपिंडं ठीक असतील तर आयोडीन जवळजवळ सगळं चोवीस तासांत लघवीतून निघून जातं.

शेवटचं काम: चार ओळी लिहून घ्या

निघण्याआधी काउंटरवर मागा: औषधाचं पूर्ण नाव, किती मिली दिलं, तारीख, आणि त्रास झाला असल्यास नेमका कसला. रिपोर्टमध्ये नुसतं ‘कॉन्ट्रास्ट दिला’ असतं, ते पुरेसं नाही. शिरपूरकडचे एक गृहस्थ रिकाम्या बाटलीवरचं लेबल सोलून मागून घेत आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये चिकटवून ठेवत. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यात तीन लेबलं होती, आणि मधल्या लेबलाखाली बॉलपेनने लिहिलं होतं: ‘हे चालत नाही. अंगभर गांध्या.’ त्या दिवशी आम्ही कपाटातून दुसरी बाटली काढली.